नारिंगी क्रीमची बिस्किटं

पडद्याच्या पलीकडून पट्ट्याच्या बकलाचा बारीक आवाज आला, आणि वहिनींच्या हातातली सुई काजाच्या कडेलाच थांबली.

दुपारचे साडेतीन वाजले होते. नवऱ्याला जाऊन तेव्हा नऊ महिने झाले होते. तेवीस वर्षं त्यांनी हा आवाज रोज ऐकला होता. जेवण झालं की ते खुर्चीत मागे रेलायचे, पट्टा एक भोक सैल करायचे आणि नाकातून लांब श्वास सोडायचे. आता बकल वाजलं आणि पाठोपाठ तसाच श्वासही आला. वहिनींनी डोळे मिटून घेतले. पडदा हातभर अंतरावर होता, पण त्यांनी तो सरकवला नाही.

दुकान दोन भावांचं, शिंप्याचं. गल्लीत त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. थोरले आणि धाकटे, एवढंच. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मशीन, मधे कापायचं लांब टेबल, भिंतीला कोट टांगायच्या खुंट्या. मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, चहापुरती शेगडी आणि वहिनींची खुर्ची. काज-बटणं, हेम, अस्तराचे टाके, सगळं त्यांच्याकडे. दोन खोल्यांच्या मधे जाड तपकिरी पडदा होता. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की बायकांनी समोर नसावं म्हणून तो कधीतरी लावला गेला आणि तसाच राहिला. वहिनींचा संसार असा बराचसा कानांनीच झाला. पलीकडे काय चाललंय ते त्यांना आवाजावरून कळायचं.

थोरल्यांचा हात कापण्यात बसलेला. खडूची रेघ न मारता कॉलर कापायचे, अशी ख्याती. पण माणूस एकदा खुर्चीत बसला की बसला. सकाळी पोटात नुसता चहा, तोही साखरेचा पाक म्हणावा असा. अकराला दुसरा, साडेबाराला तिसरा. जेवण हातातलं काम संपल्यावर, म्हणजे तीन-साडेतीनला, आणि तेही भूक अशी खवळलेली की ताटाकडे न बघता जेवायचे. चव घ्यायच्या आधी मीठ शिंपडायचे. पाणी मुद्दाम कमी प्यायचे, कारण संडास मागच्या अंगणापलीकडे होता आणि उठायचं जिवावर यायचं. चार वाजता टेबलाच्या खणातून पत्र्याचा डबा निघायचा. अंगठ्यानं झाकण दाबलं की टक् असा आवाज यायचा. आत नारिंगी क्रीमची बिस्किटं. रात्री पुन्हा पोटभर जेवून, हात धुतले की थेट अंथरूण.

वहिनींना हे सगळं दिसत होतं. पायांना सूज यायची, मोज्याचा काठ पोटरीत रुतून लाल वळ उठायचा, जिना चढताना मधे थांबावं लागायचं. बोलल्या नाहीत असं नाही. दोन-चारदा बोलल्या. थोरले हसून म्हणायचे, मी काय दारू पितो का. ते खरंच पीत नव्हते, सिगारेट ओढत नव्हते, कुणाशी भांडत नव्हते. अशा माणसाला एका बिस्किटावरून किती टोकायचं, असं म्हणून वहिनी गप्प बसायच्या आणि दर सोमवारी डबा भरायच्या.

ते गेले तेव्हा चोपन्न वर्षांचे होते. चार वाजून गेले होते. झाकण उघडल्याचा आवाज आला, पण लागल्याचा आला नाही. नंतर काहीतरी जड टेबलावर टेकल्यासारखं वाटलं. वहिनींच्या हातात एका पांढऱ्या शर्टाचं शेवटचं काज होतं. अर्धं काज सोडलं की दोरा सैल पडतो. त्यांनी ते पुरं केलं, गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि मग उठल्या. थोरले टेबलावर डोकं ठेवून होते. ते काज त्यांनी आधी पुरं केलं हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. विचारणारही कोण होतं?

धाकटे अगदी वेगळ्या अंगाचे. काडीसारखे, पायाला भिंगरी लावलेले. कापड आणणं, बटणं जुळवणं, कोट घरपोच करणं, सगळं त्यांच्याकडे आणि सगळं पायी. एक वाजला की जेवायला घरी. त्यांची बायको पोस्टात कामाला होती, पण सकाळी निघताना दोघांचं जेवण झाकून जायची, आणि ते वेळेवर खाल्लं नाही तर संध्याकाळी घरात वादळ व्हायचं. थोरले गेल्यावर मात्र दोघांचं काम एकावर आलं. त्यात दोन शाळांच्या गणवेशांची ऑर्डर. धाकटे मशीनवर बसले ते उठेचनात. माल द्यायला जाणं बंद, गिऱ्हाइकंच येऊन नेऊ लागली. जेवण घरी जाऊन खाण्याऐवजी डब्यात येऊ लागलं, आणि डबा एकचा दोनवर, दोनचा साडेतीनवर गेला. बसायला थोरल्यांचीच खुर्ची होती.

म्हणून त्या दिवशी बकल वाजलं ते धाकट्यांचं, हे वहिनींना कळायला काही फार वेळ लागला नाही. पडद्यापलीकडे दुसरं होतं कोण? पण कळणं निराळं आणि कानांना समजावणं निराळं. कान म्हणत होते, ते आलेत.

आणि ते हळूहळू येतच राहिले. आधी बकल. मग अकराच्या चहात चमचा बराच वेळ फिरण्याचा आवाज. मग खुर्चीची ती करकर, जी हलक्या माणसाखाली कधीच होत नसे. दोरा तोडायच्या आधीचं खाकरणं. चप्पल उचलून न टाकता फरशीवरून ओढत नेणं. दर दोन-तीन महिन्यांनी एखादा नवा आवाज पलीकडून यायचा आणि वहिनींच्या मानेवर काटा उभा राहायचा. भीती होती, पण ती पळून जावं अशी भीती नव्हती. रविवारी दुकान बंद असलं की त्यांना करमायचं नाही. सोमवारी त्या सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप काढायच्या.

खणातला डबा त्यांनी टाकला नव्हता. आत आठ-दहा जुनी, मऊ पडलेली बिस्किटं होती. एके दिवशी चार वाजता झाकण टक् करून वाजलं. वहिनी श्वास रोखून बसल्या. थोड्या वेळानं ते लागल्याचाही आवाज आला, आणि त्यांना इतकं सुटल्यासारखं वाटलं की डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डबा उघडून पाहिला. दोन बिस्किटं कमी झाली होती. त्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या, नारिंगी क्रीमचे दोन पुडे आणले आणि डबा भरून ठेवला. त्यानंतर एकही सोमवार चुकला नाही.

तिसरं वर्ष सरत आलं. उन्हाळ्यातली दुपार होती, शाळा उघडायला महिना राहिला होता. जेवण झालं, बकल वाजलं, आणि थोड्याच वेळात पलीकडून घोरणं सुरू झालं. थोरलेही असेच बसल्या बसल्या झोपायचे. घोरता घोरता त्यांचा श्वास मधेच तुटायचा. सगळं शांत व्हायचं आणि मग एकदम गुदमरल्यासारखा घशातून आवाज येऊन पुन्हा सुरू व्हायचं. तेवढ्या शांततेत आकडे मोजायची वहिनींना सवय होती. पंधरा, सोळा, सतरा.

त्या दिवशी धाकट्यांचा श्वास पहिल्यांदाच तसा तुटला. वहिनी मोजू लागल्या. वीस झाले. तेवीस झाले. त्यांच्या हातात अर्धं काज होतं. ते त्यांनी सुईसकट खाली टाकलं आणि पडदा ओढून त्या पुढच्या खोलीत गेल्या.

तेवढ्यात श्वास परत आला. धाकटे मान टाकून झोपले होते. तोंड उघडं, हनुवटीखाली नवीन मांस, गालाला थोरल्यांसारखी फिकट पिवळट झाक. वहिनींनी तीन वर्षांत त्यांच्याकडे असं टक लावून पाहिलंच नव्हतं. पाय चपलांमधून बाहेर काढून पुढे पसरले होते. मोज्याचा काठ पोटरीत रुतला होता. आणि उजव्या टाचेखाली काहीतरी चमकत होतं.

त्या खाली वाकल्या. टाचणीचं डोकं होतं. सबंध टाचणी टाचेत गेली होती आणि मोज्यावर नाण्याएवढा डाग वाळून काळा झाला होता.

त्यांनी हाक मारून उठवलं. धाकटे दचकून जागे झाले आणि आधी मशीनकडे बघू लागले. वहिनींनी पायाकडे बोट दाखवलं. त्यांनी पाय मांडीवर घेतला, टाचणी चिमटीत धरून उपसली, उजेडात धरून पाहिली. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"दुखलं नाही?" वहिनींनी विचारलं.

"टोचली असेल आत्ताच," ते म्हणाले. "शिंप्याच्या पायाला टाचणी आणि सुताराच्या बोटाला हातोडी. चालायचंच."

डाग सकाळचा तरी होता, ते दोघांनाही दिसत होतं. वहिनी म्हणाल्या, डॉक्टरीणबाईंकडे चला. ते म्हणाले, गणवेश एकदा जाऊ देत, मग जाऊ. थोरलेही असंच म्हणायचे. तेव्हा कोटांचा हंगाम जाऊ दे असायचं, एवढाच फरक.

वहिनींनी फळीवरची मापाची वही काढली. दुकान सुरू झाल्यापासूनची, कातड्याच्या पुठ्ठ्याची. दोघा भावांची वर्षाला एकेक विजार दुकानातच शिवली जायची, म्हणून पहिली दोन पानं त्यांचीच होती. थोरल्यांचं माप धाकटेच घ्यायचे, त्यामुळे अक्षर धाकट्यांचं होतं. कंबर चौतीस. पस्तीस. साडेछत्तीस. अडतीस. पुढे एका वर्षी समासात लिहिलेलं, विजारीच्या पायाची मोहरी सैल ठेवणे, पाय सुजतात. शेवटचा आकडा त्रेचाळीस.

त्यांनी ते पान उघडून टेबलावर ठेवलं आणि वर टेप ठेवला. "तुमचं माप घ्या, भाऊजी," म्हणाल्या.

धाकट्यांनी हसण्यावारी नेलं. त्यांचं पान तीन वर्षं कोरं होतं. जुन्याच विजारींची शिवण उसवून कंबर वाढवत होते आणि बायकोला सांगत होते की कापड धुऊन आटतंय. हसतच त्यांनी टेप कमरेभोवती घेतला आणि खाली पाहिलं. साडेचाळीस. त्यांचं बोट आपोआप थोरल्यांच्या पानावर गेलं आणि साडेचाळीसवर थांबलं. जायच्या चार वर्षं आधीची तारीख होती.

त्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकला आणि म्हणाले, "हिला कळवा. उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी तिघंही गेले. धाकटी, म्हणजे जाऊ, पोस्टातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली होती. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना चार दुकानं सोडून होता. त्यांनी बोट टोचून रक्त घेतलं, रक्तदाब पाहिला. मग कापसाची वात करून धाकट्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि तळव्यावरून फिरवली. लागलं की सांगा, म्हणाल्या. धाकटे डोळे मिटून वाट बघत राहिले. वात टाचेवरून फिरली, चवड्यावरून फिरली, बोटांच्या मधून फिरली. जाऊ ते बघत होती आणि तिचा हात तोंडावर गेला. "सुरुवात करा ना," धाकटे म्हणाले.

साखर तीनशेच्या वर होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे दोन-तीन वर्षांत उगवलेलं नाही. घराण्यातच आहे, मोठ्या भावालाही असणार. पण तुम्ही दिवसभर चालत होतात, वेळेवर खात होतात, तोवर ते दबून राहिलं. खुर्चीत बसलात आणि त्याला मोकळं रान मिळालं. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि दिवसभरात काय काय पोटात जातं ते विचारायला सुरुवात केली.

धाकट्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. सकाळी चहा. किती साखर? तीन चमचे. नाश्ता? नाही, वेळ कुठे असतो. दुपारचं जेवण साडेतीनला. पाणी? तांब्याभर होत असेल, दिवसाचं. मधे काही?

"चार वाजता बिस्किटं," धाकटे म्हणाले. "वहिनी ठेवतात डब्यात. एवढ्या आठवणीनं ठेवतात, म्हणून खातो. नाहीतर मला ती नारिंगी क्रीमची आवडतही नाहीत. ती दादाला आवडायची."

ते अगदी सहज बोलले. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं, किती खाता विचारलं, पाच-सहा असं उत्तर आलं. जाऊ मात्र मान वळवून वहिनींकडे बघत राहिली. वहिनी भिंतीवरच्या पायाच्या चित्राकडे बघत होत्या.

परतताना धाकटे लंगडत पुढे गेले. जाऊनं वहिनींना कोपऱ्यावर थांबवलं. आवाज चढवला नाही. "त्यांच्यासाठी कोण ठेवतं अशी बिस्किटं?" तिनं विचारलं. "मी घरात साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवते."

"त्यांच्यासाठी नव्हे," वहिनी म्हणाल्या.

"मग कोणासाठी?"

वहिनी म्हणाल्या, "झाकण वाजलं की मला बरं वाटायचं."

जाऊ हुशार बाई. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "तुमचा गेला, म्हणून माझा त्याच्या जागी बसवलात." एवढं बोलून ती पुढे झाली. त्याच संध्याकाळी दुकानात येऊन तिनं डबा बिस्किटांसकट उचलला आणि गल्लीच्या तोंडाशी कचऱ्यात टाकला. त्यानंतर कित्येक महिने ती वहिनींशी एक शब्द बोलली नाही.

टाचेची जखम चिघळली होती. सहा आठवडे रोज पट्टी बदलावी लागली. मधे एकदा पाऊल काळसर दिसू लागलं आणि डॉक्टरीणबाईंनी मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे बोटं राहतात की जातात याची चार दिवस चर्चा चालली. राहिली. पण तळव्याची जाणीव परत येईलच असं कुणी सांगितलं नाही. रोज झोपताना दोन्ही पाय आरशात बघायचे, चप्पल घालताना आधी हात घालून चाचपायची, असं बजावून घरी पाठवलं.

गणवेशांची एक ऑर्डर त्यांनी दुसऱ्या शिंप्याला देऊन टाकली. जाऊनं पोस्टातली जेवणाची सुट्टी मागून घेऊन एक वाजताची केली. ती स्वतः डबा घेऊन यायची, समोर बसून जेवायची आणि डबा घेऊन जायची. भात कमी, भाजी जास्त, एखादं अंडं. मिठाची बाटली तिनं दुकानात ठेवलीच नाही. पडद्यामागे वहिनी आहेत हे तिला माहीत असे. ती फक्त धाकट्यांशी बोले. जखम भरली तसा दर तासाला घड्याळाचा गजर व्हायचा आणि धाकटे उठून गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारून यायचे. पहिले पंधरा दिवस ते फार चिडचिडे झाले, एकदा गिऱ्हाइकाच्या अंगावर ओरडले, एकदा चोरून गोड चहा प्यायले आणि त्या रात्री साखर किती चढली ते पाहून स्वतःच घाबरले. मग हळूहळू अंगवळणी पडत गेलं.

आणि पडद्यापलीकडचे आवाज एकेक करून जाऊ लागले. चार वाजताचा तर पहिल्याच दिवशी गेला. चमचा फिरायचा थांबला. बकल वाजेनासं झालं. खुर्चीची करकर तीन-चार महिने टिकली, मग तीही विरत गेली. दुपारी घोरणं नव्हतं, कारण झोपच नव्हती. वहिनी काज करता करता कान टवकारायच्या आणि पलीकडे एक अनोळखी माणूस काम करत असायचा. नवरा गेला तेव्हा घर भरलेलं होतं, लोक येत-जात होते, आता सगळे जण आनंदात होते की धाकटे बरे होताहेत. यात रडायचं कुणापाशी? त्यांना स्वतःचीच शिसारी यायची. चांगलंच चाललंय, मग मला सुनं का वाटतं?

एका मंगळवारी त्यांना आवरलं नाही. मांडीवर शाळेचे शर्ट होते आणि त्यावर टपटप पाणी पडत होतं. धाकटे आता दिवसातून आठ-दहा वेळा पडद्यातून यायचे, कारण पाणी पीत होते आणि अंगणापलीकडे जावं लागायचं. ते आले आणि थांबले. शर्ट त्यांच्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवला आणि इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभे राहिले.

वहिनींनीच सुरुवात केली, आणि बिस्किटांबद्दल नव्हे. त्यांनी त्या दिवसाचं सांगितलं. झाकण उघडलं, लागलं नाही, डोकं टेबलावर टेकल्याचा आवाज आला, आणि त्या काज पुरं करत बसल्या. गाठ मारली. दोरा तोडला. मग उठल्या.

धाकट्यांनी ऐकून घेतलं. "किती वेळ लागतो एका काजाला?" त्यांनी विचारलं.

"उरलं होतं त्याला दोन मिनिटं."

"दोन मिनिटांनी काही झालं नसतं, वहिनी." ते पडद्याकडे बघत होते. "वीस वर्षांत झालं असतं. आणि ती वीस वर्षं मीही इथंच होतो. दर वर्षी त्याची कंबर मीच मोजत होतो. आकडा मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि दोघं हसायचो."

त्यांनी नळावर पेला भरून घेतला, अर्धा स्वतः प्यायले आणि एक नवा भरून वहिनींच्या हातात दिला. जाताना पडदा पूर्ण सरकवून ठेवला. संध्याकाळी वहिनींनी आपली खुर्ची उचलली आणि पुढच्या खोलीत, दाराजवळच्या उजेडात नेऊन ठेवली. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की त्या खुशाल मान खाली घालून काज करत.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, सकाळी साडेसहाला, त्यांच्या दारावर थाप पडली. दारात जाऊ होती. हातात बुटांची पिशवी.

"माझे जुने आहेत," ती म्हणाली. "चपला घालून मी कुणाला चालवणार नाही. घाला."

वहिनींनी ते पायात घातले. बूट जरा सैल होते. जिन्याच्या खाली धाकटे उभे होते. तिघं नदीच्या बाजूच्या रस्त्याला लागले. ऊन अजून कोवळं होतं, दूधवाले दारोदारी जात होते, कुणीतरी दुकानासमोर पाणी मारत होतं. धाकटे पुढे गेले. पाय नीट उचलून टाकत होते, जाणीव नसल्यामुळे जरा जपून, पण हलके. वहिनी त्यांच्या पाठीकडे बघत चालल्या होत्या. खांदे, मान, चालताना कोपर बाहेर काढायची लकब. किती वेळ पाहिलं तरी त्या पाठीत दुसरं कुणी सापडेना. त्यांची नजर शोधत राहिली, आणि थोड्या वेळानं दमून रस्त्याकडे वळली.

त्या मागे पडल्या. छातीत धाप लागली होती, गुडघे बोलायला लागले होते. जाऊ चार पावलं पुढे जाऊन थांबली आणि परत आली.

"सकाळी काही खाल्लंत का?"

"चहा घेतला."

"चहा म्हणजे खाणं नव्हे," जाऊ म्हणाली. "तुम्ही एकटीसाठी कुठे रांधायचं म्हणून उरलंसुरलं खाता, मला माहितीये. किती वर्षं झाली तपासून?"

वहिनींनी कधी तपासलंच नव्हतं. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. जाऊनं त्यांना नदीच्या कठड्यावर बसवलं आणि खिशातून रुमालात बांधलेलं उकडलेलं अंडं काढलं. कठड्यावर आपटून, सोलून, टरफलं पुन्हा रुमालात भरली आणि अंडं त्यांच्या तळहातावर ठेवलं. ती बसली नाही, हसलीही नाही. समोर उभी राहून वाट बघू लागली. अंडं अजून कोमट होतं. वहिनींनी सवयीनं मीठ आहे का म्हणून वर पाहिलं, मग तसाच एक घास घेतला आणि सावकाश चावू लागल्या.